नवजात अर्भकाचे हृदयकार्य व लिंगभेद

जन्मल्यापासून पहिल्या २८ दिवसांतील बालकाला नवजात अर्भक म्हणतात. या काळात, त्यातही पहिल्या काही तासांत, हृदय व रक्तवाहिन्या यांच्या कार्यात जेवढा मोठा बदल होतो, तेवढा पुढील आयुष्यात कधीही होत नाही. मुलगा व मुलगी यांच्यात हा बदल एकाच क्रमाने घडून येतो. तथापि तो घडत असताना पडणारा ताण सहन करण्याच्या बाबतीत मुलगी किंचित सरस असते, असे गेल्या दोन शतकांहून अधिक काळातील नोंदींवरून आणि विसाव्या शतकातील प्रयोगांवरून दिसून आले आहे. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात मुलग्यांचे मृत्यू मुलींपेक्षा अधिक होतात, हा जवळजवळ सर्व देशांतील अनुभव आहे. या नैसर्गिक प्रमाणाच्या ज्ञानाला भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, एक वेगळे सामाजिक महत्त्व आहे. ज्या वयात व ज्या समाजात मुलींचे मृत्यू मुलग्यांपेक्षा अधिक होऊ लागतात, तेथे त्यांचे कारण मुलीच्या शरीरात शोधून भागत नाही. ते तिला मिळणाऱ्या वागणुकीत शोधावे लागते. प्रस्तुत नोंदीत या ज्ञानाच्या विकासाचा आढावा घेतला आहे.

प्राचीन कल्पना : गर्भाचे हृदय आणि गर्भाचे लिंग या दोहोंविषयी प्राचीन भारतीय वैद्यकात पुष्कळ विचार झालेला आढळतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, असे म्हटले आहे. त्यामुळे या काळात स्त्रीच्या ठायी स्वतःचे व गर्भाचे अशी दोन हृदये असतात आणि म्हणून तिला ‘दौहृदिनी’ म्हणावे, असा निर्देश आहे. गर्भाच्या हृदयातील इच्छा मातेच्या तोंडून व्यक्त होतात व त्या पुरविल्या पाहिजेत, ही कल्पना यातूनच निघाली. मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्द ‘दोहद’ या संस्कृत शब्दापासून आला असून त्याचा संबंध या कल्पनेशी जोडला जातो. गर्भाचे लिंग ओळखण्यासाठी मातेच्या शरीराच्या उजव्या व डाव्या बाजूंवरील लक्षणे पाहावीत, उजवी बाजू पुत्राची व डावी कन्येची, असाही समज या ग्रंथांत आहे. ग्रीक वैद्यकातील हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या सूत्रांतही हाच समज आढळतो. यांपैकी कोणत्याही लक्षणाला पुढील काळात पुरावा मिळाला नाही. मात्र मुलगा व मुलगी यांच्या देहांत जन्मापूर्वीपासूनच काही भेद असावा, ही जिज्ञासा किती जुनी आहे, हे त्यांवरून कळते. पुत्रप्राप्तीसाठी करावयाचा पुंसवन संस्कार पाहता, या जिज्ञासेला आरंभापासूनच पुत्राच्या अपेक्षेची जोड होती, हेही स्पष्ट होते.

गर्भाचे रक्ताभिसरण : गर्भाशयात गर्भाची फुप्फुसे श्वसनाचे काम करीत नाहीत. ऑक्सिजन व पोषक द्रव्ये यांनी युक्त असे रक्त वारेतून नाळेच्या नीलेद्वारे (अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीला नीला म्हणतात, येथे मात्र ती शुद्ध रक्त आणते) गर्भाच्या शरीरात येते. फुप्फुसांकडे जास्त रक्त पाठविण्याची गरज नसल्यामुळे ते टाळणारे दोन आडमार्ग हृदयाशी असतात. त्यांपैकी एक म्हणजे उजवे व डावे अलिंद (हृदयाचे वरचे कप्पे) यांमधील पडद्यात असलेले अंडाकार रंध्र व दुसरा म्हणजे फुप्फुस रोहिणी आणि महारोहिणी यांना जोडणारी आखूड रोहिणी-नलिका. या दोन्ही रचना दुसऱ्या शतकात गेलेन यांना ठाऊक होत्या. परंतु रक्त शरीरात फिरते हेच त्या काळी माहीत नसल्यामुळे त्यांचे कार्य नीट कळणे शक्य नव्हते. विल्यम हार्वी (१५७८–१६५७) यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हृदयाच्या गतीवरील ग्रंथात रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडताना गर्भातील या आडमार्गांचेही स्पष्टीकरण दिले. तथापि जिवंत प्राण्यात हे मार्ग कसे व केव्हा बंद होतात, हे पाहण्यासाठी आणखी तीन शतके जावी लागली. इंग्लंडमध्ये जोझेफ बारक्रॉफ्ट यांनी मेंढीच्या गर्भावर मूलभूत प्रयोग केले. ऑक्सफर्ड येथील बार्क्ले, फ्रँक्लिन व प्रिचर्ड यांनी क्ष-किरण चलच्चित्रणाच्या साहाय्याने केलेले संशोधन १९४४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि जन्मसमयीचे रक्ताभिसरणातील स्थित्यंतर प्रथमच प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

जन्मानंतरचे स्थित्यंतर : पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसे हवेने फुगतात, त्यांतील रक्तवाहिन्यांचा रोध एकदम कमी होतो आणि तोपर्यंत वळवून दिलेले रक्त त्यांच्याकडे धाव घेते. फुप्फुसांतून डाव्या अलिंदात परतणाऱ्या रक्ताचा दाब वाढल्यामुळे अंडाकार रंध्रावरील झडप मिटते. नाळ बांधली की वारेचा मार्ग तुटतो व शरीरातील रक्तदाब वाढतो. रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण वाढल्यामुळे व वारेतून येणारी प्रोस्टाग्लँडिने (ऊतकांत तयार होणारी व स्थानिक परिणाम घडविणारी रासायनिक द्रव्ये) कमी झाल्यामुळे रोहिणी-नलिकेच्या भित्तीतील स्नायू आकुंचन पावतात. पूर्ण दिवसांच्या निरोगी अर्भकात ही नलिका पहिल्या दोन-तीन दिवसांत कार्यदृष्ट्या बंद होते. तिचे तंतुमय दोरीत रूपांतर होण्यास त्यानंतर काही आठवडे लागतात. आतापर्यंत उजव्या निलयाकडे (हृदयाच्या खालच्या कप्प्याकडे) असलेला कामाचा मोठा भार डाव्या निलयाकडे जातो. नवजात अर्भकाचे हृदय मिनिटाला सामान्यतः १२० ते १६० वेळा स्पंदन पावते. प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर टाकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण फारसे वाढविण्याची क्षमता त्याच्या स्नायूंत नसल्यामुळे ताणाच्या वेळी ते मुख्यत्वे ठोके वाढवूनच गरज भागविते. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकात ही संपूर्ण व्यवस्था अपक्व असते आणि मुलगा व मुलगी यांच्यातील भेद तेथेच अधिक स्पष्ट होतो.

मृत्युनोंदींतील पुरावा : या भेदाचे पहिले पुरावे शरीरविज्ञानातून नव्हे, तर लोकसंख्येच्या नोंदींतून मिळाले. लंडन येथील व्यापारी जॉन ग्राँट (१६२०–७४) यांनी १६६२ मध्ये शहरातील मृत्युपत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर १३ मुलींमागे १४ मुलगे जन्मतात, असे त्यांनी दाखवून दिले. आधुनिक नोंदींनुसार दर १०० मुलींमागे सु. १०५ मुलगे जन्मास येतात. हे आधिक्य पुढे का टिकत नाही, या प्रश्नाचा मागोवा डब्लिन येथील प्रसूतितज्ञ जोझेफ क्लार्क यांनी घेतला. त्यांच्या रुग्णालयातील प्रसूतींच्या नोंदींवर आधारलेले त्यांचे टिपण १७८६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आले. मुलगे मृत जन्मण्याचे व जन्मल्यानंतर लवकर दगावण्याचे प्रमाण मुलींपेक्षा अधिक असते, असे त्यांना आढळले. मुलग्यांचा देह व डोके मोठे असल्यामुळे प्रसूतीच्या वेळी त्यांना अधिक इजा होते व त्यांना अधिक पोषण लागते, असे कारण त्यांनी सुचविले. हे कारण काही अंशी खरे असले, तरी अपुरे होते. मुलगी सरासरीने मुलग्यापेक्षा सु. १०० ग्रॅ. किंवा थोड्या अधिक वजनाने हलकी असते. कमी वजन हे अर्भकमृत्यूचे एक प्रमुख कारण असल्यामुळे मुलींचे मृत्यू अधिक व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ते कमी होतात. म्हणजेच केवळ आकारमानाने न उलगडणारे काहीतरी येथे कार्य करीत असले पाहिजे, हे उघड झाले.

हृदयध्वनी व लिंगनिदानाचा भ्रम : गर्भाच्या हृदयाचे ठोके मातेच्या पोटाला कान लावून ऐकू येतात, हे जिनीव्हा येथील शस्त्रक्रियातज्ञ मेयर यांनी १८१८ मध्ये निदर्शनास आणले. त्यानंतर फ्रान्समध्ये केर्गाराडेक यांनी स्टेथॉस्कोपच्या साहाय्याने या ध्वनींचा पद्धतशीर अभ्यास केला. जर्मन प्रसूतितज्ञ फ्रांकेनहॉयझर यांनी १८५९ मध्ये, मुलीच्या हृदयाचे ठोके मुलग्यापेक्षा जलद असतात व त्यांवरून गर्भाचे लिंग सांगता येते, असे प्रतिपादन केले. हे मत झपाट्याने लोकप्रिय झाले व अनेक देशांत ते आजही लोकसमजाच्या रूपाने टिकून आहे. पुढे श्राव्यातीत तरंगांच्या (माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनितरंगांच्या) साहाय्याने केलेल्या मापनांत, गरोदरपणाच्या आरंभीच्या काळातील ठोक्यांवरून लिंग ओळखता येत नाही, असे सिद्ध झाले. प्रसूतीच्या वेळी व जन्मानंतर मुलींचे ठोके सरासरीने किंचित जलद असू शकतात. परंतु एकाच अर्भकाच्या ठोक्यांत झोप, रडणे, दूध पिणे इत्यादींमुळे जो फरक पडतो त्यापुढे हा भेद नगण्य होय.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बाळंतपण हे सुईणीच्या हाती व घरातील अंधाऱ्या खोलीत होत असे. अर्भकाचा मृत्यू ही नित्याची घटना असल्यामुळे तिची कारणमीमांसा सहसा केली जात नसे. या परिस्थितीत घडलेल्या एका मृत्यूला मात्र इतिहासात स्थान मिळाले. बालपण कल्याण येथे गेलेल्या आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांना वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत दगावला. त्याला योग्य वैद्यकीय साहाय्य मिळाले असते, तर तो वाचला असता, या जाणिवेने त्या वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या. १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध हिंदू लोकांच्या प्रसूतिशास्त्रावर होता. कोल्हापूर येथील रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु काम सुरू करण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी पदवी मिळविली त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय सुरू झाले. पुढे मुंबईतील परळ भागात नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह (१९२६) व बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय (१९२९) उभी राहिली आणि माता व अर्भक यांच्याकडे स्वतंत्रपणे पाहण्याची परंपरा रुजली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये स्थापन झालेली मातृदुग्धपेढी ही आशियातील अशा प्रकारची पहिली पेढी मानली जाते. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना तिचा मोठा आधार मिळाला.

विसाव्या शतकातील संशोधन : व्हर्जिनिया ॲपगार (१९०९–७४) या अमेरिकन भूलतज्ञांनी १९५३ मध्ये अर्भकाच्या स्थितीची गुणांकन पद्धती प्रसिद्ध केली. जन्मानंतर एका मिनिटाने हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा ताठपणा, प्रतिक्षेपी प्रतिसाद व त्वचेचा रंग या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण दिले जातात. पुढे पाचव्या मिनिटालाही असेच गुणांकन करण्याची प्रथा पडली. यांत हृदयाचे ठोके सर्वांत महत्त्वाचे मानले जातात. मुलगा व मुलगी यांच्यासाठी एकच मोजपट्टी वापरली जाते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मेरी एलेन ॲव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्ये, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांतील प्राणघातक श्वसनविकाराचे कारण म्हणजे फुप्फुसांतील वायुकोश मिटू न देणाऱ्या द्रव्याची (पृष्ठताण कमी करणाऱ्या फेनल द्रव्याची) उणीव होय, असे दाखविले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये जन्मानंतर दोन दिवसांच्या आतच याच विकाराने मरण पावला आणि या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. हा विकार मुलग्यांत अधिक प्रमाणात होतो. मुलग्याच्या वृषणांतून गर्भावस्थेतच स्रवणाऱ्या पौरुषजन हॉर्मोनांमुळे (पुरुषी लक्षणे घडविणाऱ्या उत्तेजक स्रावांमुळे) फुप्फुसांत हे द्रव्य तयार होण्यास विलंब लागतो, असे १९८० च्या सुमारास झालेल्या संशोधनातून निष्पन्न झाले. समान दिवसांच्या गर्भांत मुलीची फुप्फुसे मुलग्याच्या सु. एक आठवडा पुढे असतात, असे ढोबळमानाने म्हटले जाते.

फुप्फुस व हृदय यांचे कार्य नवजात अर्भकात परस्परावलंबी असल्यामुळे याचा हृदयाशी निकटचा संबंध आहे. फुप्फुसे नीट फुगली नाहीत, तर त्यांतील रक्तवाहिन्यांचा रोध कमी होत नाही, ऑक्सिजनाच्या उणिवेमुळे रोहिणी-नलिका उघडी राहते आणि हृदयावरील भार वाढतो. जन्मसमयी ताण पडला असता अधिवृक्क ग्रंथींतून (मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून) ॲड्रेनॅलीन व तत्सम द्रव्ये स्रवतात व ती हृदयाला सावरतात. अपुऱ्या दिवसांच्या व गुदमरलेल्या अर्भकांपैकी मुलींत हा प्रतिसाद अधिक जोरदार असल्याचे १९८० नंतरच्या दशकातील अभ्यासांत दिसून आले. ऑस्ट्रेलियात त्यानंतर झालेल्या संशोधनात, अशा मुलग्यांच्या त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या पहिल्या दिवशी मुलींपेक्षा अधिक विस्फारलेल्या असतात, असे आढळले. वाहिन्या अशा विस्फारल्या की रक्तदाब टिकविणे कठीण होते. मुलगा का ढासळतो याचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे; मात्र सर्व भेद एकाच कारणाने घडतो, असे मानता येत नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या नवजात मृत्यूंच्या एका शवविच्छेदनाधारित अभ्यासात मुलग्यांची ही प्रतिकूलता एकाच रोगापुरती मर्यादित नसून अनेक विकारांत दिसते, असे निदर्शनास आणले होते.

पूर्ण दिवसांची निरोगी अर्भके : स्वीडनमध्ये एडलर व हर्ट्‌झ यांनी १९५३ मध्ये श्राव्यातीत तरंगांनी हृदयाचे आलेखन करण्याची पद्धती शोधून काढली. तीमुळे अर्भकाला कोणतीही इजा न करता हृदयाचे कप्पे, झडपा व रक्तप्रवाह पाहता येऊ लागले. या मापनांवरून असे दिसते की, पूर्ण दिवसांच्या निरोगी मुलग्याचे हृदय आकारमानाने किंचित मोठे असते. परंतु शरीराच्या आकारमानाशी तुलना केली असता हा भेद बव्हंशी नाहीसा होतो. हृदयाच्या विद्युत् आलेखाच्या बाबतीतही हेच आढळते. प्रौढ स्त्रीच्या हृदयाला प्रत्येक ठोक्यानंतर विद्युत् दृष्ट्या पूर्वस्थितीत येण्यास पुरुषापेक्षा किंचित अधिक वेळ लागतो. हा भेद जन्मतः नसतो. तो पौगंडावस्थेत मुलग्यांतील हा काळ कमी झाल्यामुळे निर्माण होतो. म्हणजेच हृदयकार्यातील सर्वच लिंगभेद जन्मजात आहेत असे नाही.

जन्मजात हृद्‌विकार : हृदयाच्या जन्मजात विकृतींत लिंगभेद ठळकपणे दिसतो. रोहिणी-नलिका जन्मानंतर न मिटणे व अलिंदांमधील पडद्यास छिद्र राहणे हे विकार मुलींत मुलग्यांच्या सु. दुप्पट प्रमाणात आढळतात. याउलट महारोहिणी व फुप्फुस रोहिणी यांची अदलाबदल, महारोहिणीचे आकुंचन, महारोहिणीच्या झडपेचा अरुंदपणा आणि हृदयाची डावी बाजू खुरटलेली असणे हे अधिक गंभीर विकार मुलग्यांत जास्त असतात. यांतील अनेक विकारांत जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. मुलींतील पूर्वोक्त विकार बहुधा सावकाश त्रास देतात व वेळेवर उपचार झाल्यास पूर्णपणे बरे होतात. बॉस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये उघडी राहिलेली रोहिणी-नलिका बांधण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. तिच्यामुळे वाचलेली रुग्ण सात वर्षांची मुलगी होती. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत ही नलिका औषधाने मिटविता येते, हे १९७६ मध्ये दाखविण्यात आले.

गडचिरोलीतील प्रयोग : नवजात मृत्यू टाळण्यासाठी मोठ्या रुग्णालयांची उभारणी होईपर्यंत थांबण्याची गरज नाही, हे महाराष्ट्रातील एका प्रयोगाने सिद्ध केले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत १९९३ ते १९९८ या काळात घरच्या घरी नवजात अर्भकाची काळजी घेण्याची पद्धती विकसित केली. गावातीलच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. अर्भकाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला उबदार ठेवणे, गुदमरलेल्या अर्भकाचा श्वास सुरू करणे व जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे ही कामे त्या करीत. या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५ पर्यंत खाली आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते त्याच वर्षी ५९.६ होते. हे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हीच पद्धती २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत देशभर अनुसरण्यात आली. रुग्णालयात जन्मलेल्या अर्भकाला सहा व घरी जन्मलेल्या अर्भकाला सात भेटी पहिल्या ४२ दिवसांत द्याव्या लागतात. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, आईबापांनी अर्भक दवाखान्यात नेण्याचा निर्णय घेण्यावर ती अवलंबून नसते. कार्यकर्ती स्वतः घरी येते व मुलगा असो वा मुलगी, तेच वजन, तेच तपमान व तोच श्वास मोजते.

निसर्गाचा क्रम उलटणे : पहिल्या महिन्यात मुलीला असलेला लाभ भारतात पुढे टिकला नाही. १९९२-९३ मधील पहिल्या राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य पाहणीत देशातील नवजात मृत्यूंचे प्रमाण मुलग्यांत अधिक, तर एक ते चार वर्षे या वयातील मृत्यूंचे प्रमाण मुलींत बरेच अधिक असल्याचे आढळले. चार आठवडे सरस ठरणारे हृदय व फुप्फुसे पहिल्या वर्षानंतर दुर्बळ होतात, असे मानण्यास शरीरविज्ञानात आधार नाही. आहार, लसीकरण व आजारपणात उपचार मिळण्यास होणारा विलंब यांत या उलटापालटीची कारणे शोधावी लागतात. हृद्‌विकारांच्या बाबतीत याचा थेट पुरावा दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळतो. शस्त्रक्रियेचा सल्ला दिलेल्या बालकांपैकी मुलींची शस्त्रक्रिया होण्याचे प्रमाण मुलग्यांच्या मानाने बरेच कमी असल्याचे त्यात दिसून आले. बऱ्या होऊ शकणाऱ्या विकारांचे प्रमाण मुलींत अधिक असल्यामुळे या उपेक्षेची किंमत विशेष मोठी ठरते.

गर्भाचे हृदय दाखविणाऱ्या श्राव्यातीत तंत्राचा उपयोग गर्भाचे लिंग जाणून मुलीचा जन्मच टाळण्यासाठी केला जाऊ लागला, हा या इतिहासातील सर्वांत विदारक भाग होय. याविरुद्ध मुंबईत सुरू झालेल्या चळवळीचे फलित म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाचे नियमन करणारा देशातील पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला व २००३ मध्ये त्यात गर्भधारणापूर्व लिंगनिवडीचाही अंतर्भाव करण्यात आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ती अवघी ८०७ होती.

नावडे व नवी मुंबई परिसर : ग्रामीण व नागरी महाराष्ट्र जेथे एकत्र येतात, अशा परिसराचे नावडे हे एक उदाहरण आहे. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील हे मूळचे गाव तळोजे औद्योगिक वसाहतीला लागून असून दिवा–पनवेल लोहमार्गावर नावडे रोड हे स्थानक आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘सिडको’ने नवी मुंबई शहराची उभारणी हाती घेतल्यानंतर या परिसराचे स्वरूप पालटत गेले. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत त्याचा समावेश झाला. जुने गावठाण, कामगारांच्या वस्त्या व नव्या बहुमजली इमारती येथे शेजारी शेजारी आहेत. नावड्याजवळच्या खारघर येथे एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जन्मजात हृद्‌विकार असलेल्या बालकांवर विनामूल्य उपचार करणारे सत्य साई संजीवनी रुग्णालय सुरू झाले. शस्त्रक्रियेसाठी पैसे पडत नसले, म्हणजे मुलीसाठी खर्च करावा की नाही हा घरातील प्रश्न निदान खर्चापुरता तरी उरत नाही.

उपचार उपलब्ध असले, तरी विकार वेळेवर ओळखला गेला पाहिजे. या दृष्टीने ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे प्रारंभ झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम महत्त्वाचा आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची तपासणी केली जाते व जन्मजात हृद्‌विकारांचा त्यात समावेश आहे. अर्भकाच्या उजव्या हाताला व पायाला लहानसे उपकरण लावून रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण पाहिल्यास, बाह्यतः निरोगी दिसणाऱ्या अर्भकातील काही गंभीर विकारही पहिल्या एक-दोन दिवसांत ओळखता येतात. दूध पिताना धाप लागणे व कपाळावर घाम येणे, ओठ व जीभ निळसर दिसणे, श्वास सतत जलद चालणे आणि वजन न वाढणे ही लक्षणे घरातील माणसांनाही ओळखता येण्यासारखी आहेत.

मूल्यमापन : मुलगा व मुलगी यांच्या हृदयकार्यातील भेद हा सरासरीचा भेद असून तो मुख्यत्वे अपुऱ्या दिवसांच्या व आजारी अर्भकांत प्रकट होतो. कोणत्याही एका अर्भकाच्या बाबतीत त्यावरून भाकीत करता येत नाही व उपचारांतही त्यामुळे फरक केला जात नाही. लोकसंख्येच्या पातळीवर मात्र तो एक विश्वसनीय मोजमाप ठरतो. पहिल्या महिन्यात मुलग्यांचे मृत्यू काहीसे अधिक असणे नैसर्गिक आहे. ते आणखी कमी करण्यासाठी मुदतपूर्व जन्म टाळणे व श्वसनाला वेळीच साहाय्य देणे हे उपाय आहेत. एखाद्या प्रदेशाच्या नोंदींत मुलींचे मृत्यू मुलग्यांएवढे किंवा त्यांहून अधिक दिसले, तर तेथे मुलींना मिळावयाचे काहीतरी मिळालेले नाही, असाच त्याचा अर्थ होतो. म्हणून अर्भकमृत्यूंची नोंद करताना वय व लिंग या दोहोंची अचूक नोंद ठेवणे, ही आकडेवारीची औपचारिकता नसून बालसंरक्षणाचे एक साधन आहे.